वाचक विचारतात : डायलिसिस यंत्राचा आकडा चढतो तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे डायलिसिस केंद्र सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असून आमच्याकडे सहा यंत्रे आहेत. डिसेंबर लागल्यापासून पहाटेच्या पाळीत जवळजवळ सर्व यंत्रांवर कंडक्टिव्हिटी १४.६ ते १४.९ दिसते आणि अलार्म वाजतो. तासाभराने तोच आकडा १३.६ पर्यंत खाली येतो. दुपारच्या पाळीत मात्र काहीही त्रास होत नाही. इंजिनिअर येऊन एका यंत्राचा सेल (कंडक्टिव्हिटी मोजणारा भाग) बदलून गेले, पण फरक पडलेला नाही. सध्या आम्ही सोडियमचे सेटिंग थोडे कमी करून वेळ मारून नेतो. नेमका दोष कोठे असावा?
– एक डायलिसिस तंत्रज्ञ, जि. सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. सोडियमचे सेटिंग हा डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी ठरवलेल्या उपचाराचा भाग आहे, अलार्म गप्प करण्याची ती कळ नव्हे. पहाटे आकडा चढलेला असताना आपण सेटिंग उतरवता आणि तासाभराने आकडा आपोआप खाली येतो, तेव्हा ते उतरवलेले सेटिंग तसेच राहते. म्हणजे पहिला तास रुग्णाला जादा सोडियम आणि पुढचे तीन तास कमी सोडियम मिळते. कमी सोडियमने रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात, आणि मग त्याचा दोष रुग्णाच्या अशक्तपणाला दिला जातो. ही पद्धत आजच बंद करावी.

आता दोषाकडे वळू. कंडक्टिव्हिटी म्हणजे द्रावणातून वीज किती सहज वाहते याचे माप, आणि वीज वाहून नेतात ते द्रावणातील क्षारांचे आयन. डायलिसेटमध्ये, म्हणजे यंत्रात रक्त शुद्ध करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रावणात, सोडियमचेच प्राबल्य असल्यामुळे १४० मिलिमोल सोडियमला साधारण १४ मिलिसीमेन्स हा ढोबळ हिशेब धरला जातो. म्हणजे आकडा एकने चढला, तर सोडियम अदमासे दहाने चढले असे समजावे. पण हा आकडा ‘किती’ एवढेच सांगतो, ‘काय’ ते सांगत नाही. त्यामुळे आकडा चढल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो असा : द्रावण खरोखरच दाट झाले आहे, की मोजमाप चुकते आहे? दुसरा प्रश्न : एकच यंत्र कुरकुरते आहे, की सगळी?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण पत्रातच दिले आहे. एकाच सकाळी सहा यंत्रांचे सहा सेल बिघडत नाहीत आणि दुपारी ते आपोआप दुरुस्तही होत नाहीत. जे सहाही यंत्रांना समाईक आहे तेथेच दोष शोधायला हवा, आणि समाईक गोष्टी दोनच : पाणी आणि कॅनमधील द्रावण. सेल बदलण्याचा खर्च आपण वाचवू शकला असता, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

यंत्र पाण्यात ऍसिडचे आणि बायकार्बचे (सोडियम बायकार्बोनेटचे) अशी कॅनमधील दोन दाट द्रावणे मिसळून डायलिसेट तयार करते. माझा पहिला संशय बायकार्बच्या कॅनवर आहे. आपण वापरत असलेली पावडर बहुधा ८.४ टक्क्यांच्या द्रावणाची, म्हणजे लिटरमागे ८४ ग्रॅम, दहा लिटरच्या कॅनला ८४० ग्रॅम. ही पावडर म्हणजे खाण्याचा सोडाच, आणि तो थंड पाण्यात फार विरघळत नाही. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाणी सुमारे ९६ ग्रॅम सोडा सामावून घेते, पण १० अंशांना ही मर्यादा जेमतेम ८२ ग्रॅमवर येते. म्हणजे गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेल्या पाण्यात आपण पहाटे पाच वाजता पावडर ओतता, तेव्हा ती पूर्ण विरघळणे एकतर शक्यच नसते किंवा त्याला फार वेळ लागतो. वरचे पाणी नितळ दिसते आणि तळाशी पांढरा थर बसलेला असतो. यंत्राची शोषनळी कॅनच्या तळापर्यंत पोहोचते, त्यामुळे ती आधी तो थरच ओढते. ते कण यंत्रातील कोमट पाण्यात लगेच विरघळतात आणि आकडा चढतो. थर संपला की कॅनमध्ये उरलेले द्रावण हिशेबापेक्षा पातळ असते, म्हणून आकडा १३.६ पर्यंत उतरतो. दुपारपर्यंत पाणी तापलेले असते, आणि म्हणून दुपारी सगळे सुरळीत. आपण लिहिलेला चढउतार या खुलाशाशी इतका जुळतो की उद्या पहाटे यंत्राला हात लावण्याआधी टॉर्च घेऊन कॅनचा तळ पाहावा, असेच मी सुचवीन.

उपाय करताना दोन टोके टाळावीत. आदल्या संध्याकाळी द्रावण तयार करून ठेवणे सोयीचे वाटते, पण बायकार्बच्या द्रावणात जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यातील कार्बन डायऑक्साइडही उडत जातो. ते त्याच दिवशी तयार करून त्याच दिवशी संपवलेले बरे. दुसरे टोक म्हणजे कडकडीत गरम पाणी. उष्णतेने बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते, द्रावणाचा सामू वाढतो आणि पुढे ऍसिडच्या द्रावणातील कॅल्शियमशी गाठ पडून यंत्राच्या नळ्यांत चुना धरतो. द्रावणासाठी घेतलेले आरओचे पाणी २० ते २५ अंशांच्या दरम्यान असावे, त्यासाठी टाकी गच्चीवरून आत घ्यावी किंवा तिला आच्छादन करावे, आणि ढवळण्याचे काम घाईने न उरकता तळ स्वच्छ दिसेपर्यंत करावे. कॅन जोरजोराने हलवू नये, कारण त्यानेही वायू सुटतो.

थंडीचा दुसरा परिणाम पाण्याच्या दाबावर होतो, आणि तोही तपासून पाहण्यासारखा आहे. पाणी गार झाले की घट्ट होते आणि आरओच्या मेंब्रेनमधून कमी झिरपते. दर अंशामागे सुमारे तीन टक्के उत्पादन घटते असा अनुभव आहे, म्हणजे २५ अंशांवरून १५ वर आल्यास पाव हिस्सा किंवा त्याहूनही थोडे अधिक पाणी कमी. सहा यंत्रे एकाच वेळी सुरू झाली की मिनिटाला अर्धा लिटर प्रत्येकी, असे तीन लिटर पाणी फक्त डायलिसेटला लागते. दाब अपुरा पडला आणि ऍसिड-बायकार्ब मात्र ठरल्याप्रमाणे येत राहिले, तर मिश्रण दाट होणारच. हा प्रकार असेल तर त्याची खूण अशी की पाइपलाइनच्या शेवटच्या यंत्रांवर त्रास जास्त असतो, कमी दाबाचा किंवा कमी प्रवाहाचा अलार्मही सोबत वाजतो, आणि पाळी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू केली की तक्रार कमी होते. यंत्राच्या मागील पाण्याची जाळी शेवटची केव्हा साफ केली होती, हेही पाहून घ्यावे.

या दोन्हींतून उत्तर मिळाले नाही तर पावडरचे पाकीट आणि ऍसिडचा कॅन डोळ्यांत तेल घालून वाचावा. मिरजेत उमेदवारी करत असताना मी स्वतः एका रुग्णालयात दोन रात्री एका यंत्राचा पंप उघडून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी एका मावशींनी सहज विचारले की या खेपेच्या कॅनचे झाकण वेगळ्या रंगाचे कसे. खरेदी विभागाने स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्याच प्रमाणाचा माल घेतला होता. ऍसिडचे द्रावण ३५ पट, ३६.८३ पट आणि ४५ पट (म्हणजे पातळ केल्यावर तेवढ्या पट होणारे) अशा वेगवेगळ्या प्रमाणांत मिळते. ३५ पटीच्या यंत्राला ४५ पटीचा कॅन लावला, तर ऍसिडकडून येणारे क्षार जवळजवळ २९ टक्क्यांनी वाढतात आणि आकडा १६ च्याही पुढे जातो. ३६.८३ च्या प्रमाणातील बायकार्ब पावडरीत मीठही असते, ३५ पटीच्या साध्या पावडरीत नसते. हा फरक पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेला असतो आणि तो वाचणे हे कुणा एकाचे नेमून दिलेले काम असावे.

जर कधी एकाच यंत्रावर आकडा चढला, तर शेजारच्या, व्यवस्थित चालणाऱ्या यंत्राचे दोन्ही कॅन त्याला लावून पाहावेत. आकडा सुधारला तर दोष कॅनमध्ये, नाही सुधारला तर यंत्रात. लाल जोड ऍसिडचा आणि निळा बायकार्बचा, त्यांची अदलाबदल झालेली नाही ना, हे त्याआधी पाहावे, कारण घाईच्या पाळीत हे अनुभवी माणसाकडूनही होते. मग तापमानाचा सेन्सर. यंत्र कंडक्टिव्हिटीचा आकडा २५ अंशांवर आणून दाखवते, म्हणून तापमानाचा सेन्सर खरे तापमान ३७ असताना ३५ वाचू लागला, तर द्रावण अचूक असूनही आकडा तीन टक्क्यांहून थोडा अधिक वर दिसतो. सेलवर चुना धरला की आकडा सहसा खाली जातो, आणि नळीत हवा शिरली तरी तो खालीच जातो. म्हणून चढलेल्या आकड्यासाठी सेल बदलणे हा पहिला उपाय नसून शेवटचा आहे. चुना काढण्यासाठी सायट्रिक ऍसिडची धुलाई लागते. ब्लीचने जंतू मरतात, चुना जात नाही.

प्रश्न : माझे वडील, आमचे अण्णा, सांगलीत आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतात. मागच्या दोन खेपांना त्यांच्या यंत्राचा अलार्म वारंवार वाजत होता. सिस्टरांनी ‘कंडक्टिव्हिटी वाढली आहे, काळजी करू नका’ असे सांगितले. घरी आल्यावर अण्णांना फार तहान लागली आणि पुढच्या खेपेला वजन साडेतीन किलो वाढलेले निघाले. मशीनमुळे त्यांना अपाय झाला असेल का? मी कोणाला आणि काय विचारू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, अलार्म वाजतो त्या क्षणी यंत्र काय करते हे कळले, तर आपली निम्मी धास्ती कमी होईल. आकडा ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्र डायलिसेटची वाट वळवते. चुकीचे द्रावण डायलायझरपर्यंत (रक्त गाळणाऱ्या नळकांड्यापर्यंत) न जाता थेट निचऱ्यात जाते, आणि रक्त मात्र नळ्यांतून फिरत राहते. याला बायपास म्हणतात. त्यामुळे अलार्म वाजणे ही यंत्र जागे असल्याची खूण आहे. मात्र बायपासमध्ये गेलेला वेळ हा डायलिसिसचा वेळ नसतो. चार तासांत असे चाळीस मिनिटे गेली असतील, तर तेवढी सफाई राहून गेली, म्हणून तो वेळ भरून काढला का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

अपायाची शक्यता वेगळ्या ठिकाणी असते. आकडा मर्यादेच्या आत पण वरच्या काठाला तासन्‌तास राहिला, किंवा अलार्मची मर्यादाच रुंद करून ठेवली, तर अलार्म न वाजताही रुग्णाच्या रक्तात जादा सोडियम जाते. अशा रुग्णाला तहान लागते, डोके दुखते, रक्तदाब चढतो आणि दोन खेपांच्या मधल्या दिवसांत पाणी जास्त प्यायले जाते. आपण वर्णन केलेली लक्षणे याच्याशी जुळतात, पण एवढ्यावरून यंत्राला दोषी ठरवणे घाईचे होईल. साधारण ८ ग्रॅम मीठ पोटात गेले की ते पातळ करण्यासाठी शरीर एक लिटर पाणी मागते. सांगलीत राहून भडंगाचा मोह आवरणे किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे, तरीही त्या आठवड्यात भडंग, लोणचे, पापड यांतले काय काय झाले, हे आधी अण्णांकडून प्रेमाने काढून घ्यावे.

त्यानंतर केंद्रातील तंत्रज्ञांना तीन गोष्टी विचाराव्यात. त्या दिवशी आकडा किती होता आणि तो अण्णांच्या चार्टवर लिहिला आहे का? हातातल्या मीटरने तो पडताळला का? डॉक्टरांनी सोडियम किती लिहून दिले आहे आणि यंत्रावर तेवढेच होते का? या प्रश्नांनी चांगला तंत्रज्ञ दुखावत नाही. डायलिसिस चालू असताना तीव्र डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखे बोलणे, छातीत किंवा पाठीत कळ असे काही झाले, तर मात्र विचारपूस बाजूला ठेवून ताबडतोब सिस्टरांना बोलावावे आणि डॉक्टरांनी पाहावे असा आग्रह धरावा.

प्रश्न : आमचे केंद्र जत भागात आहे. उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे मिश्र पाणी वापरावे लागते. पूर्वी आरओच्या मीटरवर २५ मायक्रोसीमेन्स दिसत असे, आता ९० दिसते. यंत्रांवरचा आकडा मात्र १४.० च्या जवळ स्थिर असल्याने आम्ही दुर्लक्ष केले. याखेरीज गेल्या पंधरवड्यात दोनदा सकाळी दहाच्या सुमारास सर्व यंत्रांचा आकडा एकदम अर्ध्या मिलिसीमेन्सने वाढून वीस मिनिटांत पूर्ववत झाला. दोन्हींचा संबंध आहे का?
– केंद्र व्यवस्थापक, जि. सांगली

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि ज्या तक्रारीकडे आपण दुर्लक्ष केले तीच मला अधिक गंभीर वाटते.

आधी दुसरी. सर्व यंत्रांवर एकाच वेळी, ठरावीक सुमाराला, थोडा वेळ राहून जाणारी वाढ ऐकली की माझे लक्ष सॉफ्टनरकडे जाते. सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि ठरावीक काळाने दाट मिठाच्या पाण्याने तो स्वतःला धुऊन घेतो. ही धुलाई रात्री डायलिसिस बंद असताना व्हावी, असे घड्याळ लावलेले असते. जुन्या सॉफ्टनरचे घड्याळ विजेवर चालते आणि वीज गेली की तेही थांबते. आठवड्यात एकूण आठ तास वीज नसेल, तर रात्री दोनची धुलाई सकाळी दहाला होते. आपल्या भागात वीज किती वेळ जाते हे मी आपल्याला सांगायला नको. धुलाईचे मीठ वळण-झडपेतून पुढे झिरपले की आरओ त्याचा बहुतांश भाग अडवतो, पण उरलेलेही यंत्रावर अर्धा मिलिसीमेन्स चढवायला पुरते. सॉफ्टनरचे घड्याळ मनगटी घड्याळाशी ताडून पाहावे. दहाच्या सुमारास आरओचा मीटरही उसळी घेत असेल, तर शंका उरणार नाही. तोपर्यंत डायलिसिसच्या वेळात धुलाई होणारच नाही अशा रीतीने ती हाताने, पाळ्या संपल्यावर करावी.

आता त्या ९० बद्दल. मायक्रो आणि मिली यांतील हजारपटीचा फरक येथे फसवतो. ९० मायक्रोसीमेन्स म्हणजे ०.०९ मिलिसीमेन्स, आणि १४ च्या आकड्यात तो कोणाला दिसणारही नाही. म्हणून यंत्राचा आकडा स्थिर आहे यावरून पाणी चांगले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. उदाहरण घेऊ. बोअरच्या पाण्याचा कडकपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि तो सगळा कॅल्शियमचा आहे असे धरले, तर त्या पाण्यात लिटरमागे ४ मिलिमोल कॅल्शियम झाले. डायलिसेटमध्ये आपल्याला ते सव्वा ते दीड मिलिमोल हवे असते. सॉफ्टनर आणि आरओ दोन्ही निकामी होऊन हे पाणी जसेच्या तसे यंत्रात गेले, तर रुग्णाला मिळणारे कॅल्शियम तिप्पट-चौपट होईल, पण कंडक्टिव्हिटी फारतर एखाद्या मिलिसीमेन्सने हलेल. ज्या यंत्रांत आकडा पाहून ऍसिडचा पंप आपोआप कमी-जास्त होतो, तेथे एवढेही दिसणार नाही, कारण यंत्र ऍसिड कमी करून आकडा पुन्हा १४ वर आणून ठेवील. अशा रुग्णांना मळमळ, उलट्या, डोकेदुखी, अंगाची आग आणि वाढलेला रक्तदाब यांचा त्रास एकाच पाळीत अनेकांना मिळून होतो.

आपली स्थिती तेथवर गेलेली नाही. तरी हिशेब करून पाहावा : येणारे पाणी १८०० मायक्रोसीमेन्स असेल, तर २५ असताना आरओ ९८.६ टक्के क्षार अडवत होता आणि ९० असताना तो ९५ टक्केच अडवतो आहे. मात्र येणारे पाणीच बोअरमुळे अधिक खारे झाले असेल, तर टक्केवारी तीच राहून आकडा वाढलेला असू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंची नोंद रोज, एकाच वेळी, शेजारी-शेजारी ठेवावी. नुसत्या बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या आकड्यावरून मेंब्रेनची तब्येत कळत नाही. सॉफ्टनरनंतरच्या पाण्याचा कडकपणा दिवसअखेरीस तपासावा, कारण सकाळी ताजा असलेला सॉफ्टनर संध्याकाळी थकलेला असतो. आरओच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला २ मिलिग्रॅमच्या आणि एकूण क्लोरीन ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवे. टँकरच्या पाण्यात क्लोरीन सढळ हाताने टाकलेले असते, आणि त्याची खबर कंडक्टिव्हिटीचा कोणताही मीटर देत नाही. त्यासाठी कार्बन टाकीनंतरच्या पाण्याची वेगळी चाचणी प्रत्येक पाळीआधी करावी लागते.

प्रश्न : मी मिरजेत डायलिसिस तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करत आहे. प्रात्यक्षिकात यंत्रावर १४.० आकडा असताना हातातल्या मीटरने त्याच द्रावणाचे माप घेतले, तर १७.३ आले. सरांनी मीटर बाजूला ठेवायला सांगितले. खरे कोण?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : बहुधा दोघेही खरे आहेत. अंशामागे कंडक्टिव्हिटी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. ३७ अंशांचे द्रावण २५ अंशांपेक्षा १२ अंशांनी गरम, म्हणजे २४ टक्के वाढ, आणि १४ च्या २४ टक्के वर १७.३६. आपल्या मीटरची तापमान-भरपाई बंद असावी. ती सुरू करून, मीटर आरओच्या पाण्याने आणि मग त्याच द्रावणाने धुऊन, पुन्हा माप घ्यावे. तरीही जमले नाही तर १४ मिलिसीमेन्सच्या आसपासच्या ताज्या प्रमाणित द्रावणात मीटर तपासावा. बाटली महिनोन्‌महिने उघडी राहिली असेल तर पाणी उडून ते द्रावणच दाट झालेले असते, आणि अशा बाटलीवर लावलेले यंत्र मग सगळ्या रुग्णांच्या बाबतीत सारखीच चूक करत राहते. मीटर मात्र बाजूला ठेवू नका. सरांना हा गुणाकार वहीत करून दाखवा.